कानाच्या मशीनचा मायक्रोफोन: संवेदनशीलता कशावर ठरते आणि ती कशी जपावी

“सायेब, कान पार गेलं बघा. मशीनचा आवाज फुल केलाय, तरी सुनंचं बोलणं कळत न्हाई.”

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहिलेले एक आजोबा माझ्याकडे आले होते. सोबत मुलगा होता. त्याचे म्हणणे असे, की वडील गेले सहा महिने घरात कुणाशी फारसे बोलत नाहीत. जेवायला बोलावले तरी येत नाहीत, नातवाने हाक मारली की नुसती मान हलवतात. घरच्यांना वाटले, वय झाले, स्मरणशक्तीही जात असेल. आता आणखी महागडे मशीन घ्यावे का, हे विचारायला ते आले होते.

ऐकण्याची तपासणी केली. दोन वर्षांपूर्वीचा आलेख आणि आजचा आलेख जवळजवळ सारखाच होता. कान गेले नव्हते. मशीन भिंगाखाली धरले, तेव्हा मायक्रोफोनची दोन्ही छिद्रे पिवळसर पिठाने बुजलेली दिसली. निवृत्तीनंतरही आजोबा रोज दोन तास पेढीवर बसत, आणि हळदीची पूड तिथे हवेतच असते.

नवे मशीन लागले नाही. पण सहा महिने एक माणूस घरात असून नसल्यासारखा राहिला, हे नुकसान लहान नाही. म्हणून हा लेख मायक्रोफोनबद्दल आहे. श्रवणयंत्र घेताना आपण चॅनेल, ब्लूटूथ, किंमत असे सगळे विचारतो. पण आवाज आत शिरतो तो मायक्रोफोनमधून, आणि तिथे जे हरवते ते पुढचा कोणताही महाग भाग परत आणू शकत नाही.

आत नेमके काय असते?

आजच्या श्रवणयंत्रातला मायक्रोफोन धारित्र प्रकारचा, म्हणजे कपॅसिटर प्रकारचा असतो. त्यात समोरासमोर दोन पृष्ठभाग असतात. पुढे अतिशय पातळ, हलणारा पडदा आणि मागे छिद्रे असलेली स्थिर पाटी. दोघांच्या मध्ये हवेची अरुंद फट असते आणि दोघांवर विद्युतभार असतो. आवाजाची लाट आली की पडदा हलतो, फट कमी-जास्त होते आणि व्होल्टेज त्याच तालावर बदलते. हा बदल म्हणजेच विजेच्या रूपातला आवाज.

या तत्त्वावरचा मायक्रोफोन ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली अमेरिकेत तयार केला. तेव्हा त्याला बाहेरून मोठे व्होल्टेज पुरवावे लागे. १९६२ मध्ये बेल लॅब्जमधील गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारी प्लास्टिकची पातळ फिल्म वापरली. याला इलेक्ट्रेट म्हणतात. त्यामुळे मायक्रोफोन कानामागच्या मशीनमध्ये मावण्याइतका छोटा झाला. पुढे संगणकाच्या चिपप्रमाणे सिलिकॉनवर कोरलेले मायक्रोफोन आले. त्यांना मेम्स मायक्रोफोन म्हणतात. तुमच्या मोबाइलमध्ये तेच असतात आणि आता अनेक श्रवणयंत्रांतही असतात.

मेम्स मायक्रोफोनमधला पडदा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे एक मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस याच्या पन्नास-सत्तर पट जाड असतो. पडदा आणि पाटी यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते.

संवेदनशीलता म्हणजे काय?

ठरावीक आवाज दिला तर मायक्रोफोन किती व्होल्टेज देतो, ही त्याची संवेदनशीलता. यासाठी ९४ डेसिबलचा आवाज प्रमाण मानतात. त्याचा हवेतला दाब एक पास्कल असतो. एवढ्या आवाजाला छोटा मायक्रोफोन साधारण १२ ते १३ मिलिव्होल्ट देतो.

समोर बसून केलेले रोजचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. त्याचा दाब एका पास्कलचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ पास्कल. यातून हाती येते ते सुमारे पाव मिलिव्होल्ट. एवढ्या आवाजाला पडद्याची सरासरी हालचाल एका अणूच्या व्यासाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. इतक्या नाजूक हालचालीवर घरातले सगळे संभाषण अवलंबून असते.

ही संवेदनशीलता कोणत्या गोष्टींवर ठरते, ते आता एकेक करून पाहू.

१. पडद्याचा आकार

पडदा मोठा तेवढा तो सहज हलतो. ताण तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर सरासरी हालचाल चौपट होते. पण मोठा पडदा कानाच्या मशीनमध्ये मावायला हवा. शिवाय त्याची स्वतःची कंपनसंख्या निम्म्यावर येते, त्यामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडताना अडचण येऊ शकते. म्हणून आकार वाढवण्याला मर्यादा आहे.

२. पडद्याचा ताण आणि जाडी

आपल्याकडे हलगी वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकतात. कातडे ताणले जाते आणि आवाज कडक येतो. पावसाळी हवेत तीच हलगी ढिली पडून भद्द वाजते. मायक्रोफोनच्या पडद्याचेही तसेच आहे, फक्त इथे गरज वेगळी आहे. फार ताणलेला पडदा बारीक आवाजाला हलतच नाही, म्हणजे संवेदनशीलता कमी होते. फार ढिला ठेवला तर तो मागच्या पाटीला चिकटण्याचा धोका असतो.

सिलिकॉनचा पडदा खूप तापमानाला तयार होतो आणि थंड होताना त्यात ताण शिल्लक राहतो. हा नको असलेला ताण घालवण्यासाठी पडद्यावर गोल वळ्या पाडतात, किंवा तो कडेने घट्ट न बांधता स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टेकवतात. पातळपणाही महत्त्वाचा आहे. पण फार पातळ पडदा मशीन हातातून पडले की फाटू शकतो.

३. फट आणि व्होल्टेज

फट जितकी कमी आणि व्होल्टेज जितके जास्त, तितका त्याच हालचालीतून मोठा विद्युत संकेत मिळतो. मग फट अगदी कमी आणि व्होल्टेज खूप जास्त का ठेवत नाहीत? कारण विद्युतभारामुळे पडदा आणि पाटी एकमेकांना ओढतात. ही ओढ वाढत जाऊन पडदा फटीच्या सुमारे एक तृतीयांश अंतर आत आला, की त्याचा स्वतःचा ताण कमी पडतो आणि तो झटकन पाटीला चिकटतो. फट निम्मी केली, तर हे चिकटणे पूर्वीच्या जवळजवळ एक तृतीयांश व्होल्टेजलाच घडते. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्टचा असतो. मेम्स मायक्रोफोनला लागतात दहा व्होल्टच्या आसपास. ते वाढवण्यासाठी मायक्रोफोनच्या आतच एक छोटे सर्किट असते. इलेक्ट्रेट प्रकारात हे काम फिल्मवर साठवलेला विद्युतभार करतो. उष्णता आणि ओल यांमुळे तो वर्षानुवर्षांत हळूहळू कमी होऊ शकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मशीन ठेवू नका, असे आम्ही सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

४. मागच्या पाटीची छिद्रे

पडदा हलताना फटीतली हवा बाहेर जायला हवी. म्हणून पाटीला छिद्रे असतात. ती कमी असली तर हवा अडकते, पडदा जड चालतो आणि त्या घुसमटलेल्या हवेची सूक्ष्म खरखरही वाढते. छिद्रे फार केली तर पाटीचे क्षेत्रफळ घटते आणि संकेत कमी होतो.

५. मागची हवेची पोकळी

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. आतली हवा स्प्रिंगसारखी मागे रेटते. पंप जितका आखूड, तितकी ती ताठर. मायक्रोफोनच्या मागची पोकळीही अशीच आहे. ती लहान असली की आतली हवा पडद्याला हलू देत नाही. मशीन जितके छोटे, न दिसणारे हवे, तितकी ही पोकळी लहान होत जाते. “दिसायला नको” या हट्टाची ही एक न दिसणारी किंमत आहे.

६. दाब सारखा करणारे बारीक छिद्र

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना कान दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात. घशाकडे जाणारी नळी उघडून पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करते, म्हणून हे घडते. या घाटात सुमारे सहाशे मीटर चढ आहे आणि हवेचा दाब साधारण सहा हजार पास्कलने उतरतो. बोलण्याचा दाब आपण वर पाहिला, ०.०२ पास्कल. म्हणजे घाटातला फरक त्याच्या तीन लाख पट आहे.

मायक्रोफोन पूर्ण बंद असता, तर त्याचा पडदा एवढ्या दाबाने ताणून निकामी झाला असता. म्हणून त्यात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती फार मोठी असली तर खर्जातले आवाज तिथून निसटतात. फार बारीक असली तर दाब सारखा व्हायला वेळ लागतो.

७. गळती करणारी धारिता

या छोट्या मायक्रोफोनची स्वतःची धारिता सुमारे एक पिकोफॅरड, म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग असते. आजूबाजूच्या जोडण्या आणि कडा यांचीही थोडी धारिता असते, पण ती आवाजाबरोबर बदलत नाही. ती संकेतात नुसती वाटेकरी होते. ती मायक्रोफोनच्या धारितेइतकी झाली, तर निम्मा संकेत तिथेच जातो. म्हणून ॲम्प्लिफायर मायक्रोफोनला अगदी खेटून, एकाच डबीत बसवतात.

फक्त संवेदनशीलता पुरेशी नाही

प्रत्येक मायक्रोफोनची स्वतःची एक खरखर असते. चांगल्या छोट्या मायक्रोफोनमध्ये ती साधारण ३० डेसिबलच्या आवाजाइतकी असते. समोरचे बोलणे ६० डेसिबल, म्हणजे बोलणे खरखरीपेक्षा ३० डेसिबलने वर.

आता छिद्र बुजले आणि बोलणे १५ डेसिबलने कमी पोहोचू लागले, असे समजा. बोलणे झाले ४५, खरखर तीच ३०. अंतर उरले १५. पेशंट आवाज १५ डेसिबलने वाढवतो. बोलणे पुन्हा ६० होते, पण खरखरही ४५ होते. अंतर १५ ते १५च. आजोबांनी आवाज पूर्ण वाढवूनही शब्द का कळत नव्हते, त्याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की छिद्र अर्धवट बुजले की आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात: स, श, च, फ. खर्जातले स्वर येत राहतात. म्हणून पेशंट म्हणतो, “आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.” वयामुळे कान कमी होतात तेव्हाही माणूस हेच वाक्य बोलतो. त्यामुळे घरच्यांची आणि कधी कधी आम्हा डॉक्टरांचीही फसगत होते.

बहुतेक मशीनमध्ये एकमेकांपासून साधारण एक सेंटिमीटरच्या आत दोन मायक्रोफोन असतात. दोघांच्या संकेतातील बारीक फरकावरून मशीन समोरचा आवाज पुढे घेते आणि मागचा गोंगाट दाबते. त्यासाठी दोघांची संवेदनशीलता जवळजवळ सारखी हवी. एकच छिद्र बुजले तरी हा हिशेब चुकतो. मग लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर किंवा बाजारात मशीन घालून उलट त्रासच होतो.

आपल्या भागातले दोन शत्रू

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हवामानाची दोन टोके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा कायमचा दुष्काळी. एकीकडे ओल, दुसरीकडे धूळ.

ओल: पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे बाहेरच्या गार धुक्यातून घरातल्या उबदार, दमट हवेत आले की चष्म्यावर जशी वाफ धरते, तशी ती मायक्रोफोनच्या छिद्रातही धरू शकते. पाण्याचा एक सूक्ष्म थेंबही एवढ्याशा वाटेला पुरतो. उसाच्या फडात काम करणाऱ्यांचा घामही हेच करतो.

धूळ: हळद, पीठ, भुसा, विट्याच्या यंत्रमागांवरचा कापसाचा तंतू, जत-माणकडची उन्हाळ्यातली माती. यात डोक्याला लावलेले तेल मिसळले की छिद्राच्या तोंडाशी लेप तयार होतो. नुसती धूळ झटकली जाते, लेप जात नाही.

रोजची काळजी

• रात्री मशीन काढल्यावर मायक्रोफोनची छिद्रे खाली करून कोरड्या, मऊ ब्रशने हळूच झटका. कानामागच्या मशीनमध्ये ही छिद्रे वरच्या बाजूला असतात.
• छिद्रात पिन, टाचणी, काडी कधीही घालू नका. आतला पडदा एक मायक्रॉनचा आहे, हे लक्षात ठेवा. तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीची वाफ आत जाते.
• पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका.
• सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत रात्रभर ठेवा. झिंक-एअर सेल डबीत ठेवू नका, तो सुकतो.
• तेल, पावडर, केसांचा रंग, स्प्रे आधी लावा, हात पुसा आणि मगच मशीन घाला.
• मशीन भिजले, तर बंद करा, सेल काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि दुरुस्तीला न्या. उन्हात, चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर एवढी गोष्ट घराघरात माहीत असायला हवी.
• मायक्रोफोनवर बदलता येणारी जाळी असेल, तर ती किती दिवसांनी बदलायची हे श्रवणतज्ज्ञांना विचारा.

घरच्या घरी तपासणी

मशीन चालू करून मुठीत धरले की शिट्टी येते. यावरून ते चालू आहे एवढेच कळते. मायक्रोफोन अर्धवट बुजला असला तरी शिट्टी येऊ शकते.

त्यापेक्षा सहा आवाजांची तपासणी चांगली: आ, ई, ऊ, म, श, स. पेशंटच्या मागे एक मीटरवर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात एकेक आवाज उलटसुलट क्रमाने काढा. त्याने तोच आवाज परत म्हणायचा. मशीन नवे असताना कोणते आवाज ऐकू येत होते, हे वहीत लिहून ठेवा. पूर्वी “स” आणि “श” येत होते आणि आता येत नाहीत, असे झाले तर आधी मशीन तपासून घ्या.

लहान मुलांसाठी ही तपासणी रोज सकाळी करा. मोठा माणूस निदान तक्रार तरी करतो. दोन वर्षांच्या मुलाला मशीन बंद पडल्याचे सांगता येत नाही. त्याच्या बोलणे शिकण्याच्या वयातले महिने वाया जातात आणि ते भरून काढणे फार कठीण असते.

मशीन घेताना काय विचारावे?

मायक्रोफोनला धूळ आणि पाण्यापासून कोणते संरक्षण आहे? जाळी बदलता येते का? मायक्रोफोन बिघडल्यास दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत होते? वर्षातून एकदा मशीनची यंत्रावर मोजणी करून मिळेल का? ही मोजणी छोट्या बंद पेटीत होते आणि त्यात मशीनची मूळ क्षमता किती उरली आहे ते आकड्यात दिसते.

आर्थिक अडचण असेल, तर दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

सगळा दोष मशीनला देऊनही चालणार नाही. एका कानाचे ऐकू येणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाले, तर ती तातडीची बाब आहे. मशीन साफ करत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता जास्त. कान वाहणे, दुखणे, चक्कर येणे, चेहरा वाकडा होणे या तक्रारींतही थांबू नका.

पण ऐकणे हळूहळू कमी झाल्यासारखे वाटत असेल, घरातले माणूस गप्प गप्प राहू लागले असेल, तर नवे मशीन घेण्याआधी आणि “आता वय झालं” असे म्हणण्याआधी त्याचे मशीन उजेडात धरून ती दोन बारीक छिद्रे पाहा. त्या आजोबांचे मशीन साफ करून परत कानावर चढवले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे बघून विचारले, “एवढ्या मोठ्यानं का बोलतोयस रं?”